दाराची फट

नव्या गाडीच्या सीटचा वास आला की कात्रपच्या आमच्या सोसायटीतली ती संध्याकाळ आठवते. बाबांची गाड्या बनवणारी कंपनी बंद पडून वर्ष होत आलं होतं. ते तिथे एका मॉडेलची दारं बसवायचे. आता तेच मॉडेल परदेशातल्या कारखान्यातून बनून येत होतं. शेजारच्या दादाने ते घेतलं आणि पेढा देत बाबांना विचारलं, “काका, तुमच्या फिटिंगची सर नसेल ना याला?” बाबांनी गाडीचं दार लावलं, फटीवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. फट सगळीकडे सारखी होती. “आमच्यापेक्षा चांगलं बसवलंय,” ते हळूच म्हणाले आणि पेढा तसाच हातात घेऊन जिना चढले. तोवर ते आईला रोज सांगायचे, कंपनी परत सुरू होईल. त्या दिवसानंतर त्यांनी तसं कधी म्हटल्याचं मला आठवत नाही.