सोखा विहारात का जात नाही

न्यूझीलंडमध्ये ईस्ट टामाकीच्या गोदामांच्या रांगेत सोखाची बेकरी आहे. सकाळी चहाच्या सुट्टीत तिथे नारंगी जॅकेटवाल्या कामगारांची अशी झुंबड उडते की विचारू नका. काउंटरवर आमची सुमेधा. कोथरूडच्या घरात जन्मात कधी अंडं शिजलं नाही, आणि ही बया शिकायला म्हणून आली ती खिमा-चीजच्या पाई विकायला उभी राहिली! पुढे रेसिडेन्सी मिळाली, बऱ्या नोकऱ्याही सांगून आल्या, तरी हिने बेकरी काही सोडली नाही. कारण एकच, सोखा अंकल.

माणूस कंबोडियाचा. बुटका, हसरा, पोरवयात निर्वासित म्हणून इथे आलेला. सुमेधाचे बाबा पुण्यात अचानक गेले आणि तिला वेळेत पोचता आलं नाही, तेव्हा हा पठ्ठ्या दुकान बंद करून दिवसभर तिच्याजवळ बसला. सख्खा काका असता तरी एवढं करता ना.

पण सप्टेंबर उजाडला की या माणसाचं काहीतरी बिनसायचं. आपला पितृपक्ष असतो ना, त्याच सुमाराला त्यांचाही पंधरवडा येतो. भाताचे गोळे घेऊन विहारात जायचं, भिक्खूंना आपल्या गेलेल्या माणसांची नावं सांगायची. ते मोठ्याने नाव घेतात, मग त्या माणसाला घास पोचतो. ज्याचं नाव कुणी घेत नाही तो उपाशी भटकतो, असं ती मंडळी मानतात. सोखाची बायको दरवर्षी जायची. हा नाही. म्हणे, "ओव्हन कोण बघणार?" अहो, रविवारी दुकान बंद, कसला डोंबलाचा ओव्हन!

२०१६ साली बायकोने सुमेधाला गाठलं. "त्याची आई इतकी वर्षं उपाशी आहे गं. माझं ऐकत नाही, तू बोलून बघ."

दुपारी ट्रे घासताना सुमेधाने विषय काढला. तिला वाटलं, त्यात काय मोठंसं! आपल्याकडे शाळेच्या दाखल्यापासून जिथे तिथे आईचं नाव विचारतात, त्याच सवयीने ती बोलून गेली, "अंकल, रविवारी मीही येते. मी बाबांचं नाव सांगेन, तुम्ही आईचं सांगा. काय नाव हो तुमच्या आईचं?"

सोखाने ट्रे खाली ठेवला.

"माहीत नाही," तो म्हणाला. "मी तिला माक म्हणायचो. आमच्यात माक म्हणजे आई."

मग तो बोलत राहिला, आणि सुमेधा हातात ओला ब्रश घेऊन तशीच उभी. तो सहा वर्षांचा असताना तिथे नवी सत्ता आली, स्वतःला ‘संघटना’ म्हणवणारी. वडिलांना नेलं, ते गेलेच. पोरांना आईपासून तोडून छावणीत ठेवलं. रोज घोकून घ्यायचे, संघटना हीच तुमची आई, संघटना हाच बाप, घरच्यांची माया म्हणजे रोग. पोरं बिचारी! ओल्या मातीसारखी ती, दाबाल तशी वळतात. मेल्यांनी माया करायच्या वयात त्यांच्या डोक्यात विष कालवलं.

"एकदा माक चालत चालत छावणीत आली. ओच्यात भाजलेलं रताळं लपवलं होतं. म्होरक्याने धरली. सगळ्या पोरांसमोर उभी केली, नाव विचारलं. तिने सांगितलं. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, हा माझा मुलगा. मी म्हटलं, मी या बाईला ओळखत नाही, माझी आई संघटना. तिच्या ओच्यातलं रताळं काढून घेतलं आणि म्होरक्याला नेऊन दिलं. पोरांनी टाळ्या पिटल्या. सुमी, मला किती आनंद झाला होता म्हणून सांगू!"

तिला घेऊन गेले. परत कुणी पाहिलं नाही. नाव सांगणारं नात्यातलं एकही माणूस त्यातून वाचलं नाही.

सुमेधाला रडू आवरेना. "अहो अंकल, एवढंसं पोर तुम्ही! तुमचा काय दोष? आणि हे बघा, आमच्यात सर्वपित्री अमावस्या असते. ज्यांची नावंसुद्धा ठाऊक नाहीत, त्यांनाही त्या दिवशी पोचतं."

"ज्यांची नावं कुणी ऐकलीच नाहीत, त्यांचं ठीक आहे," सोखा म्हणाला. "माझ्या आईने नाव सांगितलं होतं. मोठ्याने, स्पष्ट. मी तिच्यापासून हाताच्या अंतरावर होतो गं. पण मी म्होरक्याच्या तोंडाकडे बघत होतो, तो माझ्यावर खूश आहे का ते."

रविवारी सोखा गेलाच नाही. सुमेधा त्याच्या बायकोबरोबर गेली. भिक्खूंनी तिच्या बाबांचं नाव जमेल तसं उच्चारलं आणि विचारलं, "आणखी कुणी?"

सुमेधाने तोंड उघडलं, आणि नुसतीच उभी राहिली.