निवडलेलं भडंग

आमच्या फ्रिजच्या दारावर आठवड्याच्या डब्याची यादी लावलेली असते. सोमवारी मुगाचं धिरडं, मंगळवारी नाचणीचे लाडू, बुधवारी दुधीचे वाफवलेले मुटके. येणारेजाणारे म्हणतात, काय हौस आहे तुम्हाला! हौस वगैरे काही नाही. मला भीती वाटते.

मुलगी पहिलीत असताना पन्हाळ्याहून परतताना तिनं गाडीत शेंगदाण्याची चिक्की खाल्ली. घाट उतरेपर्यंत तिचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायला लागला. नवऱ्यानं हॉर्नवरचा हात न काढता दवाखाना गाठला. त्या दिवशी निभावलं. डॉक्टर म्हणाले, यापुढे दाण्याचा कणसुद्धा नको.

कोल्हापुरात हे सांगायला सोपं. इथं भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, आणि तळणही शेंगतेलातलं. मी तेल बदललं, कढया बदलल्या, कुटाच्या जागी भाजलेले तीळ आणि डाळं आणलं. औषध दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ठेवलं, ते कसं द्यायचं हे वर्गाच्या बाईंना दाखवलं. तरी वर्गात डबे वाटून खातात. एका मुलीच्या आईला विचारलं तर ती म्हणाली, "दाणं न्हाईत हो ताई, नुसता कूट हाय." त्या दिवसापासून मी कुणाच्याही 'नाही'वर विश्वास ठेवत नाही.

सासूबाईंना हे सगळं अति वाटायचं. "आमची पोरं खिसा भरून शेंगा खायची. कुणाला काय झालं न्हाय." पण माझं ऐकायच्या. फक्त त्यांचा भडंगाचा डबा त्यांच्या खोलीत, कपाटावर होता. संध्याकाळच्या चहाबरोबर त्यांना तो लागायचा.

गेल्या थंडीतला एक मंगळवार. मुलीची रिक्षा गेल्यावर केर-फरशी, धुणं उरकलं आणि मग मी ओटा पुसायला घेतला. बघते तर नाचणीचे लाडू ताटलीत तसेच. शेजारी वाटीभर शेंगदाणे, तिखट-हळद लागलेले.

"आई, हे दाणे कसले?"

"भडंगातलं निवडलं की. पोरगी रोज लाडवाला तोंड वाकडं करती. चष्मा लावून निवडलंय, एक दाणा ठेवला न्हाय बघ."

"तुम्ही भडंग दिलंत डब्यात?"

"दाणं काढून दिलंय म्हणते न्हवं!"

"आणि तेल? त्याच तेलात दाणे तळलेत ना? सालपटं?"

सासूबाईंनी वाटी उचलून डोळ्यांजवळ धरली. मी शाळेला फोन लावला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला, तेच. मग स्कूटर काढली. रंकाळ्याच्या रस्त्यावर एक ट्रॅक्टर उसाची ट्रॉली घेऊन मध्येच थांबला होता. मी कशी पुढं गेले ते आता आठवत नाही. तिचे सुजलेले ओठ तेवढे डोळ्यांपुढं होते.

शाळेत पोचले तेव्हा छोटी सुट्टी सुरू झाली होती. व्हरांड्यात मुली गोल करून बसल्या होत्या. माझ्या मुलीचा डबा मध्ये उघडा होता आणि अर्धा संपला होता.

"खाल्लंस?"

"मी नाही. वास आला दाण्याचा. ह्यांनी खाल्लं."

"मग तू काय खाल्लंस?"

"हिची इडली."

"चटणी?"

"मम्मी! चटणी कोण घेईल?"

तिची मैत्रीण म्हणाली, "काकू, कूट न्हाय इडलीत. आम्ही रोज विचारूनच देतो तिला."

मी बाटलीतल्या पाण्यानं तिचे हात धुतले आणि घंटा होईपर्यंत तिच्या ओठांकडे बघत उभी राहिले. "जा की आता," ती दबक्या आवाजात म्हणाली, "सगळ्या बघायल्यात."

घरी आले तर सासूबाई दारातच. वाटी अजून हातात.

"काय झालं?"

"काही नाही. तिनं खाल्लं नाही."

त्या पायरीवर बसल्या. "मी निवडलं हुतं गं सगळं."

वाटेत मी बोलायचं खूप जुळवलं होतं. त्याऐवजी त्यांच्या हातातली वाटी घेतली, दाणे टाकले आणि वाटी दोनदा घासली.

आठवड्यानं त्यांनी मला स्वयंपाकघरात हाक मारली. ओट्यावर चुरमुरे, डाळं, सूर्यफुलाच्या तेलाची पिशवी आणि माझी वेगळी ठेवलेली कढई.

"ये, बघून घे समदं. मागनं इचारू नको."

मी पिशवीवरचं बारीक अक्षर वाचलं. चुरमुरे कुठल्या दुकानातले, तिथं ते दाण्यांच्या पोत्याशेजारी होते का, तेही विचारलं.

"शेजारी न्हवतं. मी सोता बघितलं," त्या म्हणाल्या. चिडल्या नाहीत.

आता शुक्रवारच्या रकान्यात भडंग आहे. डबा रिकामा येतो. सुट्टीच्या वेळेला मी फोन ओट्यावर, समोर दिसेल असा ठेवते. सासूबाई तेव्हा टीव्ही बंद करून आत येतात आणि काहीतरी निवडत बसतात. सुट्टी संपायची वेळ टळली की उठतात.