भूकंप अमेरिकेतला, भिंत आमची

पावरलूमच्या कारखान्यात दोन गोष्टी आपोआप साठतात. मागाखाली कापसाचं तूस आणि चहाच्या सुट्टीत किस्से. तूस निदान रोज झाडलं जायचं. किस्से मात्र माझ्याकडंच राहिले, आणि झाडू मारणं हा काही माझा स्वभाव नाही!

बहात्तरचा दुष्काळ सरला, त्याच्या पुढची ही वर्षं. सोलापुरात आमची शेड. सोळा माग, वर पत्रे, मागची भिंत दगडमातीची. तिला वरून निघालेला एक तडा. त्या तड्याला पाठ लावून लक्ष्मव्वा दिवसभर रहाटावर सुताच्या कांड्या भरायची. अंगणापलीकडं मालकांची केबिन. नवीकोरी, सिमेंटची, वर स्लॅब. त्या केबिनला आम्ही ‘अमेरिका’ म्हणायचो. का, ते ऐका.

*

मागांवर देखरेख करणारा आमचा जॉबर तुळशीराम मोहोळचा. सातवी पास, म्हणजे आमच्यात प्रोफेसरच! चहाच्या सुट्टीत तो पेपर वाचून दाखवायचा.

एकदा पहिल्या पानावर अमेरिकेतला भूकंप. भला मोठा फोटो. दुकानातल्या बाटल्या फुटल्या, पुलाला चीर पडली, बडे साहेब विमानातनं बघून गेले. आणि आतल्या पानावर, केसांच्या तेलाच्या जाहिरातीखाली, कुठल्याशा गरीब देशातला भूकंप. गावंच्या गावं गाडली. बातमी चार ओळींची.

मी म्हटलं, "बाटल्यांचं सुतक किती दिवस असतंय बे तिकडं?"

सगळे हसले. लक्ष्मव्वा हसली नाही. "जमीन दोनीकडं सारकीच हालली का?"

"सारखीच की," तुळशीराम म्हणाला.

"मग मान्सं एकाच जागी का मेली?"

तुळशीरामनं चष्मा पुसला. "एकीकडं घरं पक्की. दुसरीकडं दगडमातीची."

सगळ्यांनी एकदम लक्ष्मव्वाच्या पाठीमागं बघितलं. ती खेकसली, "माज्याकडं काय बघता? वाचा की फुडं!"

*

त्या दिवसापासनं पक्की केबिन झाली अमेरिका. मी थेट अमेरिकेत गेलो. "मालक, बाई बसती तितं भिंतीला तडा हाय."

मालक हसले. "सोलापुरात कुठं भूकंप होतो का, येड्या?"

"पण आपले सोळा माग दोन पाळ्या तेच करत्यात की!"

मालकांनी मनावर घेतलं. दुसऱ्याच दिवशी तड्यावर देवाचं कॅलेंडर लागलं! दिवाळीपर्यंत तडा कॅलेंडरच्या खाली उतरला. मालकांनी ताबडतोब मोठं कॅलेंडर आणलं.

तुळशीराम म्हणाला, "काम वरच्या कंत्राटदाराला दिलंय."

*

पुढं कुठल्या तरी भूकंपग्रस्तांसाठी शहरात मदत गोळा झाली. मालकांनी चादरींचा गठ्ठा दिला. गळ्यात हार, शेजारी फोटोग्राफर. चादरी अशा, की धाग्यापेक्षा भोकं जास्त! गिऱ्हाईक हात लावीना, तो माल भूकंपग्रस्ताच्या अंगावर.

मी गठ्ठ्यात हळूच एक चिठ्ठी सारली. ‘आमची बी भिंत पडनार हाय. तवा याच चादरी धुऊन परत पाटवा.’

गोळा करणाऱ्यांनी चिठ्ठी मालकांना आणून दिली. मालक लालबुंद! एकेकाला बोलावून अक्षर तपासलं. मला सोडून. मला लिहिता येतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. चौथीत शाळा सोडल्याचा एवढा फायदा दुसऱ्या कुणाला झाला नसेल!

*

आणि एका दुपारी खराच धक्का आला. बारकासाच. केबिनमधले मालक धोतर सावरत अंगणात, हिशेबनीस त्यांच्या पुढं! आम्ही? आम्ही कापड विणत होतो. आमच्या पायाखालची जमीन सकाळपासून हलतच होती की! पक्क्या घरातला माणूस बाहेर आणि पडक्या घरातली माणसं आत, असा भूकंप जगात एकच झाला असावा.

माग बंद करून मालक ओरडले, "तुम्हाला काहीच कळलं नाही?"

मी म्हटलं, "आमाला वाटलं, नवा माग बसवला."

*

त्या धक्क्यानं मालकांना जपानची आठवण झाली. कुठल्या मासिकात वाचलं होतं म्हणे. तिथं घंटा झाली की शाळेतली पोरंसुद्धा टेबलाखाली जातात. "शिस्त! शिस्तीवर देश श्रीमंत होतो. भिंतीवर नाही!" असं भाषणच दिलं. उद्या घंटा होईल. घंटा झाली की टेबलाखाली.

दुसऱ्या दिवशी मालकांनी खुर्चीवर बसल्या बसल्या घंटा वाजवली. आम्ही शिस्तीत उठलो. अख्ख्या कारखान्यात टेबल एकच, मालकांचं! पाळीतली वीस माणसं केबिनमध्ये. निम्मी टेबलाखाली, निम्मी एकमेकांखाली.

"अरे, हे काय चाललंय?" मालकांचे पाय अधांतरी.

टेबलाखालनं लक्ष्मव्वाचा आवाज आला. "मालक, पाय जरा तिकडं घ्या की! तुमचं जपान लई बारकं हाय!"

शिस्त त्या दिवशी संपली.

*

भिंत पडली ती श्रावणात. जेवणाच्या सुट्टीत, माग बंद असताना. धक्का नाही, बिक्का नाही. लक्ष्मव्वा नळावर हात धुवायला गेली होती. परत आली तर रहाटाच्या जागी दगडांचा ढीग. पदर खोचून ती एकेक दगड बाजूला करायला लागली. मीही दगड उचलायला लागलो.

दुसऱ्या दिवशी कारखान्यांचे इन्स्पेक्टर आले. मालक हात जोडून पुढं. "काय सांगू साहेब, भूकंप! निसर्गापुढं अमेरिकेचं चालत नाही, तिथं आमची काय कथा?"

साहेबांनी ढीग बघितला. मग वळून केबिन बघितली. गिलाव्याचा टवकासुद्धा उडाला नव्हता. साहेबांनी वही काढली आणि लिहायला लागले. मालक घाईनं पुढं सरकले.

"पक्की बांधून देतो साहेब! सिमेंटची! उद्यापासनंच काम लावतो!"

साहेबांनी पेन थांबवलं आणि लक्ष्मव्वाला विचारलं, "बाई, तुम्ही इथंच बसता ना? तुम्हाला भूकंपाचा धक्का जाणवला का?"

मालकांनी तिच्याकडं असं बघितलं, की आता भिंतीपाठोपाठ हिची नोकरीपण पडणार. तुळशीरामनं माझा हात घट्ट धरला.

लक्ष्मव्वानं डोक्यावरचा पदर नीट केला.

"जाणवला की साहेब. लई मोटा."

मालकांनी सुटकेचा श्वास सोडला.

"कधी?" साहेबांनी विचारलं.

"आत्ताच की! मालक पक्की भिंत बांधतो म्हनले, तवा!"