नानांची शस्त्रपूजा आणि माझा रंग

गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी आखातात, अल कुसैसमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये पोलिसांना रिव्हॉल्व्हर सापडलं. ते मी स्वतः रंगवलं होतं.

माझे सासरे, नाना, लष्करात आर्मरर होते. आयुष्यभर बंदुका दुरुस्त केल्या. खंडेनवमीला शस्त्रपूजा चुकवायची नाही हा त्यांचा नेम. पण त्यांचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर साताऱ्याला आणि नाना आमच्याकडे! "स्क्रू-ड्रायव्हर पुजा ना," मेधा, म्हणजे माझी बायको, म्हणाली. नानांनी तोंड फिरवलं. सासऱ्यांवर छाप पाडायची अशी संधी सोडेल तो जावई कसला! मी खेळण्यातलं रिव्हॉल्व्हर घेऊन आलो.

"नारिंगी नळी?" नाना म्हणाले. "जावईबापू, ही पुजायची?"

मी सगळ्यावर काळा स्प्रे मारला. ते इतकं खरं दिसायला लागलं, की हातात धरायची मलाच भीती वाटायला लागली! (शाळेत चित्रकलेत मी नापास होतो.)

हळदकुंकू, झेंडू, पेढा, सगळं साग्रसंगीत झालं. तेवढ्यात अमेरिकेतून नानांच्या पुतण्याचा, प्रशांतचा व्हिडिओ कॉल आला. हा पठ्ठ्या घरीच काडतुसं भरतो, तीही जास्त दाबाची, आणि तो दाब सोसणारं रिव्हॉल्व्हर त्याला घ्यायचं होतं. नेटवर्क बाल्कनीत बरं येतं, म्हणून नाना बाल्कनीत. दाखवायला हातात माझी कलाकृती.

"सिलिंडरची भिंत बघ, प्रशांत! सहाऐवजी पाच घरांचं घे, मधे पोलाद जास्त राहतं!"

"पण काका, वजन फार होतं..."

"होऊ दे! धक्का कमी बसतो. बंद करून सिलिंडर हलवून बघ, खुळखुळलं तर ठेव परत! आणि पुस्तकातल्या मापापेक्षा कणभरही दारू जास्त नको!"

एवढं बोलून नानांनी नेम कसा धरायचा तेही दाखवलं. समोरच्या बिल्डिंगकडे! तिथे कपडे वाळत घालणारी बाई कपडे टाकून आत पळाली.

"आजोबा, दे आर लुकिंग!" आमची सई ओरडली. मी नानांना आत ओढलं, फोन टीपॉयवर, रिव्हॉल्व्हर पूजेच्या ताटात. चहा कपात ओततोय तोवर दारात दोन पोलीस.

"घर में गन है?"

नोकरी, व्हिसा, सईची शाळा, सगळं डोळ्यांसमोरून परतीच्या विमानात जाऊन बसलं. 'टॉय' हा एवढासा शब्द, तोही तोंडातून फुटेना. त्यांच्यातल्या मोठ्या साहेबांनी ताटाकडे बोट दाखवलं.

"ये किसका है?"

मी दोन्ही हात वर केले. (कुणी सांगितलं नव्हतं.) "सर, मेरा नहीं! ससुर का है! मिलिटरी में थे! इनका आज का टिकट निकाल देता हूँ, सर!"

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पोलीस परवडले. मग ते शांतपणे म्हणाले, "साहब, खिलौना है. पूजा के लिए. हाथ में लेके देखिए."

साहेबांनी ते उचललं. वजन नाही. नखाने नळी खरवडली, तर आतून नारिंगी!

"कलर किसने मारा?"

आख्ख्या घराने माझ्याकडे बोट दाखवलं. सईनेसुद्धा! माझी काळी बोटं अजून वरच होती.

"हबीबी, खेलने का भी असली जैसा नहीं चलेगा इधर," साहेबांनी मला दम भरला, आमची नावं लिहून घेतली आणि खेळणं जप्त केलं. "इस बार छोड़ता हूँ. खलास!"

दार बंद झालं. मी हात खाली घेतले. लाज वाटत होती. टीपॉयवरून आवाज आला. कॉल चालूच होता!

"काका, मजबूत आहे की नाही ते मग ओळखायचं कसं?"

"सोपं आहे," नाना माझ्याकडे बघत म्हणाले. "पहिल्याच दाबाला आमच्या जावयासारखं फुटलं, तर घ्यायचं नाही."

मेधा स्वयंपाकघरातून म्हणाली, "नाना, हे मॉडेल लग्नाच्या वेळी तुम्हीच तपासून पास केलं होतं. आता परत घेत नाहीत!"