वजनदार बॅग

मेन रोडवरच्या एका बॅगवाल्यानं मला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात ही हकीकत उलटी सांगितली जाते आणि माझ्या बायकोला ती माझ्यापेक्षा चांगली रंगवता येते.

सातपूरला माझं छोटं वर्कशॉप आहे. चांदवडकडून आलो, दुसऱ्याच्या लेथ मशीनवर उभा राहिलो, मग स्वतःचा लेथ घेतला. या सगळ्यात मला कोणी काही सुखासुखी दिलेलं नाही. मागून, भांडून आणि शेवटी दुकानाच्या पायऱ्या उतरून मिळवलंय. मागून ‘अहो शेठ, या, या’ अशी हाक यायची असेल तर पायऱ्या किती सावकाश उतरायच्या, हे नाशकात माझ्याइतकं कोणाला कळत असेल असं मला वाटत नव्हतं.

तैवानचं नवं मशीन घेतलं तेव्हा सौद्यातच मी कंपनीकडून तिकडच्या कारखान्यातलं ट्रेनिंग काढून घेतलं. राहणं-जेवण त्यांचं, तिकीट माझं. तिकीट अर्थातच सगळ्यात स्वस्तातलं काढलं. त्यात सामानाला वीस किलोची मर्यादा होती. मग कंपनीचा निरोप आला, की तुम्हाला जमत नसलेला जॉब सोबत आणा, त्यावरच शिकवू. जॉब म्हणजे मशीनवर घडवायचा तुकडा. मला न जमणारा जॉब म्हणजे पंपाची बिडाची बॉडी. तिचं भोक केसभर तिरकं जायचं आणि माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक माल परत पाठवायचं. पुन्हा असं झालं तर काम दुसरीकडे देऊ, हे त्यांनी अगदी गोड शब्दांत कळवलं होतं. तेव्हा माझं काहीही होवो, ती बॉडी तैवानला पोचायलाच हवी होती.

म्हणून बॅग घ्यायला गेलो. बायको बरोबर होती.

बॅगवाल्यानं आधी एक चकचकीत बॅग काढली आणि करंगळीवर अडकवून दाखवली. “शेठ, बघा, एकदम हलकी.”

“मग यात माल कुठाय?” मी विचारलं. “पैसे कशाचे घेतोस, हवेचे?”

आमच्या धंद्यात सगळं किलोवर चालतं. लोखंड किलोवर, पितळ किलोवर, भंगारसुद्धा किलोवर. जड असेल तो माल, हलकी असेल ती लबाडी. कमी वजनाच्या वस्तूला जास्त पैसे द्यायचे, हे माझ्या डोक्यात आजही बसत नाही. “वजनदार दाखव,” मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि माळ्यावरून एक काळी बॅग खाली घेतली. ती जमिनीवर टेकली तेव्हा आवाज आला. तो आवाज ऐकून माझं समाधान झालं.

“अहो, ही तुम्हाला उचलायचीय,” बायको म्हणाली.

“चाकं आहेत तिला.”

मग मी भाव करायला बसलो. आवाज चढवला, मशीनच्या हप्त्यांचं आणि विमानाच्या तिकिटाचं रडगाणं गायलं, दोनदा पायऱ्या उतरलो आणि दोन्ही वेळा हाक आली. शेवटी बॅग निम्म्या भावात मिळाली, वर एक कुलूप फुकट. बाहेर पडताना मी बायकोला म्हणालो, “बघ, याला म्हणतात खरेदी.” हे वाक्य तिनं जपून ठेवलंय. पाहुण्यांना ती ते माझ्याच आवाजात म्हणून दाखवते.

निघायच्या आदल्या दिवशी सामान भरलं. कपडे, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, मेतकूट, गुळपोळ्या आणि मधोमध चादरीत गुंडाळलेली बॉडी. बॅग वर्कशॉपमध्ये नेऊन भंगार मोजायच्या काट्यावर ठेवली. हा काटा कधी खोटं बोलत नाही, असं मी भंगारवाल्याला दरवेळी छातीवर हात ठेवून सांगतो. आकडा पाहिला आणि पहिल्यांदा मीच म्हणालो, “काटा बिघडलाय.”

बायकोनं चिवडा काढला. चटणी काढली. गुळपोळ्या काढल्या. मग माझे कपडे काढायला लागली. तरी काटा वीसच्या खाली येईना. शेवटी तिनं सगळंच काढलं आणि रिकामी बॅग काट्यावर ठेवली. ती पाहुण्यांना सांगते त्यातला हा भाग मात्र खरा आहे: रिकामी बॅग बॉडीपेक्षा जड भरली.

“खरेदी,” ती म्हणाली.

मी बॅग ओढत तडक मेन रोड गाठला. रस्ताभर काय काय बोलायचं ते ठरवत होतो आणि त्यातलं बरंचसं बोललोही. बॅगवाला शांतपणे ऐकत होता.

“शेठ, मी हलकी दाखवली होती.”

“मग तीच दे. ही परत घे.”

“परत होत नाही. ती हलकी हवी तर घेऊन जा, पण एकच भाव.”

“म्हणजे माझी उद्याची फ्लाइट आहे म्हणून?”

“मला कुठं माहीत होतं, शेठ? तुम्हीच आत्ता सांगितलं.”

मी पायऱ्या उतरलो. नेहमीच्या मापानं, सावकाश. शेवटच्या पायरीवर चपलेत नसलेला खडा काढला. हाक आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तैवानला गेलो तो टूलच्या मालाचं पुठ्ठ्याचं खोकं घेऊन, सुतळीनं करकचून बांधलेलं. त्यात बॉडी होती, कपडे होते आणि बायकोच्या मेहेरबानीनं थोडा चिवडाही होता. विमानतळावर सगळ्यांच्या बॅगा गुळगुळीत घरंगळत होत्या आणि मी खोकं कवटाळून रांगेत उभा होतो. पण बॉडी पोचली. भोक कुठं तिरकं जातं ते मी तिथे शिकून आलो. गिऱ्हाईक टिकलं.

काळी बॅग आता वर्कशॉपच्या कोपऱ्यात असते. परवा भंगारवाला तिला बुटाचं टोक लावून म्हणाला, “शेठ, हीपण किलोवरच का?”

तर माझं म्हणणं एवढंच. बॅगवाल्यानं हलकी बॅग दाखवली, मान्य. ‘एकदम हलकी’ असं तो म्हणालाही. पण विमानानं जाणाऱ्या माणसाला हलकी बॅग कशासाठी लागते, हे त्याला ठाऊक होतं आणि मला नव्हतं. ते त्यानं का सांगितलं नाही? मी ऐकलं नसतं, हे उत्तर चालणार नाही. ते आमच्या घरात रोज मिळतं. मला त्याच्या तोंडून दुसरं उत्तर हवंय.