कंपनीला हवी होती कोळीण

"अगं, ते गॅरेजमध्ये ठेव. घरात वास बसतो."

सुनीताकाकूंनी माझ्या हातातल्या पातेल्याकडे बघून नाक मुरडलं. बांगड्याचं कालवण होतं. अमेरिकेतल्या फ्रिस्कोत त्यांच्या घरी आमच्या ऑफिसातल्या मराठी मंडळींचं जेवण होतं, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा. पुरणपोळ्या आत गेल्या. छोले आत गेले. माझं पातेलं गाडीच्या टायरशेजारी, फरशीवर.

मागच्या अंगणात त्यांचे यजमान श्रीधरकाका ग्रिलवर सॅमन भाजत होते. लिंबू पिळून, वाइन शिंपडून. त्याचा वास कुणालाच येत नव्हता. म्हणजे मासा नकोसा नव्हता. तो आणणारी नकोशी होती. मी कोळ्याची. आडनावावरून त्यांनी ते पहिल्याच दिवशी हुडकलं होतं.

तरी मी हसून ताट वाढून घेतलं. काका माझे बॉस. माझं ग्रीन कार्ड त्यांच्या मर्जीवर.

जेवणं झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. आमची कंपनी खाणवाल्यांना सल्ला देते. अलास्कात एका नदीच्या वरच्या अंगाला तांब्याची अवाढव्य खाण काढायची आहे. त्याच नदीत सॅमन समुद्रातून परत येतो, अंडी घालतो. तिथे अशा खाणींवर कायमची बंदी घालणारं विधेयक राज्याच्या विधिमंडळात आलं होतं. समितीपुढे कुणालाही फोनवरून बोलता येणार होतं.

"तू बंदीच्या अगेन्स्ट बोल," काका म्हणाले. "इंजिनिअर आहेसच, शिवाय फिशिंग कम्युनिटी. एकदम ऑथेंटिक वाटतं, यार. सांग, माझे वडील मासेमार आणि मला या खाणीची भीती वाटत नाही."

माझं कालवण यांच्या घरात चालत नव्हतं. माझी जात मात्र कंपनीला चालत होती.

आमच्या खाडीवर केमिकलचा कारखाना यायचा होता, तेव्हा जनसुनावणीत माझ्या बाबांना असंच हार घालून स्टेजवर बसवलं होतं. साहेबाने खुर्ची दिली, तेवढ्यावर बाबा भाळले. "आमची हरकत नाही," म्हणाले. जेवायला साहेबलोक आत, बाबा बाहेर मांडवात. पुढे माशाला रॉकेलचा वास यायला लागला. मग मासाच येईना. वस्तीने बाबांशी बोलणं टाकलं. त्यांनी होडी फोडून चुलीत घातली आणि मरेपर्यंत खाडीकडे फिरकले नाहीत.

"काका, मी बोलेन," मी म्हणाले. "पण बंदीच्या बाजूने."

काका हसले. "इमोशनल नको होऊस गं. ग्रीन कार्डचं बघ आधी. आणि सॅमनचं काय, फार्ममध्ये पाळलेला मिळतोच की."

मिळतोच की! एक अख्खी नदी, तिच्यावर जगणारी माणसं, आणि हा माणूस दात कोरत सांगतोय, मिळतोच की. ओठाला अजून त्याच माशाचं तेल. मला किळस आली. त्यांची, त्यांच्या लाडिक 'गं'ची, आणि दर दिवाळीला मी त्यांच्या पाया पडले त्याचीही.

सुनावणीच्या दिवशी मी ऑफिसातूनच फोन लावला. दार उघडं ठेवून. इंग्रजीतच बोलले, पण कोळणीच्या आवाजात.

"माझे वडील मासेमार होते. त्यांनी कारखान्याला हो म्हटलं. आमची खाडी मेली. तुमची नदी अजून जिवंत आहे. बंदी घाला."

मागे वळले तर काका दारात. चेहरा उतरलेला.

"तुला कळतंय का तू काय केलंस?"

"कळतंय."

आता काका राजीनामा मागतायत. मी देणार नाही. काढायचं तर त्यांनी काढावं, आणि कारण तोंडाने सांगावं. व्हिसा गेला तर जाईल. विधेयक अजून समितीत अडकलंय, खाणवाले हटलेले नाहीत. पुढची सुनावणी मी या देशातून ऐकेन की दुसऱ्या देशातून, मला माहीत नाही. पण कोळ्यांचं नाव घेऊन कुणी पुन्हा नदी मारायला निघालं, तर त्याला आधी माझ्याशी बोलावं लागेल. मी हो म्हणणार नाही.