मांडीवरचा डास

सकाळी ठीक ०६०० वाजता मी पेणजवळच्या जिते गावातून फोन लावायचा आणि सुरेशने तो रोह्याजवळच्या अष्टमी गावात उचलायचा. आठ वर्षं नेम चुकला नाही.

"अष्टमी, रिपोर्ट दे. ओव्हर."

"अष्टमी ऑल ओके. पाठ कोरडी, पिशवी साफ. ओव्हर."

फौजेत मी हवालदार, तो लान्स नायक. सरहद्दीवरच्या घाटात सकाळी ०७१० वाजता आमची गाडी दरीत गेली. ड्रायव्हर शिपाई काशिनाथ जागीच गेला. आम्ही दोघे वाचलो, पण दोघांच्याही मज्जारज्जूला बेंबीच्या रेषेत मार बसला. त्याखाली ना हालचाल, ना स्पर्श. मेडिकल बोर्डाने दोघांना एकाच दिवशी घरी पाठवलं. तेव्हापासून व्हीलचेअरवर दर अर्ध्या तासाने हातांवर जोर देऊन बूड उचलायचं, ही ड्यूटी. नाहीतर बसून बसून जखम होते आणि ती कळतही नाही, आरशात बघावी लागते. नळीला जोडलेल्या पिशवीतल्या लघवीचा रंगही रोज बघायचा.

मग मुंबईच्या एका इस्पितळातून दोघांना बोलावणं आलं. नाकाच्या आतल्या अस्तरातून आपल्याच पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि मार बसला तिथे मज्जारज्जूत सोडायच्या. डॉक्टर म्हणाले, "उपचार नाही, चाचणी आहे. चालायला लागाल असं मी सांगत नाही." एक अट होती. अंगावर उघडी जखम नको.

मी पेणला गणपतीच्या कारखान्यात डोळे आखतो. तपासणीच्या आठवड्यात माल निघायचा होता. डोळे आखताना मला घड्याळ दिसत नाही. त्या दिवशी चार तास बूड उचललं नाही. घरी आरशात बघितलं तर रुपयाएवढी जागा सोललेली. दुसऱ्या दिवशी सुरेशला सांगितलं, "पाठ कोरडी." डॉक्टरांना मात्र ती दिसलीच. मी बाद, सुरेश पास. चूक माझीच होती, पण राग आला त्याचा.

त्याच्या ऑपरेशनला सात महिने झाले आणि एका सकाळी तो फोनवर ओरडला, "हवालदारसाब, डास चावला! मांडीवर! कळला मला! ओव्हर."

मी ओव्हर न म्हणताच फोन ठेवला. बेंबीखाली मला काही कळत नाही, पण पोटात दुखायला लागलं ते चांगलंच कळलं. कसलं मेलं डासाचं कौतुक! आमच्या मिठागरांच्या काठाला डासांना काय तोटा? मला हजार चावले असतील. दुसऱ्या दिवशी मी फोन लावला नाही. त्याने लावला, मी उचलला नाही. असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी त्याच्या आईचा फोन आला. "काय रे, भांडलाव काय? पाच दिस त्याला ताप हाय. दवाखान्यात चल बोलले तर ऐकत नाय. पिशवीत रगत हाय, ते मी आज बघितलं."

शेजाऱ्यांकडून त्याला उचलून न्या, असं आईला सांगितलं आणि रिक्षा करून ११४० वाजता रोह्याच्या दवाखान्यात पोचलो. तिथले डॉक्टर म्हणाले, "पेशींचा संबंध नाही. मूत्रपिंडात संसर्ग आहे. चार-पाच दिवस आधी आणायला हवं होतं." चार-पाच दिवस आधी रिपोर्ट घेणारा कोण होता, ते मी त्यांना सांगितलं नाही.

सुरेशने मला बघितलं आणि डोळ्यांवर हात ठेवला. "चिमटा काढा."

मी काढला.

"डावी मांडी. गुडघ्याच्या वर चार बोटं."

बरोबर होतं. मी उजवीकडे काढला. त्याला पत्ताच नाही. पुन्हा डावीकडे काढला.

"हां. आता झालं समाधान?"

"नाय. जळतोय मी."

तो हसला. "मग जळत जळत लावायचा होता फोन."

तिसऱ्या दिवशी तो गेला. गाडीतल्या तिघांपैकी आता मी एकटा.

काल पहाटे माझ्या डाव्या मांडीवर डास बसला. मारला नाही, बघत बसलो. पोट लाल होईपर्यंत प्यायला आणि उडाला. मला काही कळलं नाही. मेलेल्या माणसाच्या गुडघ्याच्या वरच्या त्या जागेवर मी अजून जळतो. काशिनाथचं नाव घेतलं, सुरेशचं घेतलं आणि ०६०० वाजता रोजच्यासारखा त्याच्याच नंबरवर फोन लावला. आता तो त्याची आई उचलते.

"जिते ऑल ओके, आई. पाठ कोरडी."

"व्हय," ती म्हणाली. "आणि पिशवी?"